बिऱ्हाड नेपल्सला, भटकंती आसपास

नेपल्सला मुक्काम ठोकून आसपासचं बघायचं ठरवलं, तेव्हा ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकाने विचारलं, "रोम सोडून नेपल्स कशाला?" आपल्याकडच्या सहलींच्या कार्यक्रमात नेपल्स असतं ते बसच्या खिडकीतून. पहाटे रोमहून निघायचं, भर उन्हात पॉम्पेई उरकायचं, रात्री परत रोम. पण नकाशा पुढ्यात घेऊन बसलं की हे शहर किती मोक्याच्या जागी आहे ते कळतं. पूर्वेला व्हेसुव्हियस ज्वालामुखी आणि त्याच्या पायथ्याशी पॉम्पेई, हर्क्युलेनियम ही इसवीसन ७९ च्या उद्रेकात गाडली गेलेली रोमन गावं. पश्चिमेला पोत्सुओली, उत्तरेला कासेर्ता, दक्षिणेला सालेर्नो आणि त्याच्याही पुढे पेस्तुम. समोर समुद्रात काप्री, इस्किया, प्रोचिदा. यातलं कुठलंही ठिकाण गाडीने किंवा बोटीने साधारण दीड तासाच्या आत. रोज सकाळी पाठपिशवी उचलायची, रात्री त्याच पलंगावर येऊन पडायचं. सत्तरीला टेकलेल्या आईबाबांना घेऊन फिरायचं तर याहून बरी व्यवस्था मला सुचली नाही.

आईबाबा साताऱ्याचे. माझ्याकडे श्टुटगार्टला राहायला आले होते, आणि सप्टेंबरच्या अखेरीला आम्ही तिघं दक्षिणेत उतरलो. बाबांची सगळी नोकरी एसटीत गेली, आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून. त्यांना ठिकाणापेक्षा गाडी किती वाजता सुटते यात जास्त रस. आई शाळेत इतिहास शिकवायची, माहेर भोकरदनचं. हे माहेर इथे महत्त्वाचं आहे, कारण नेपल्सचं खूळ तिथूनच आलेलं. १९३८ साली अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाच्या उत्खननात पॉम्पेईतल्या एका घरात हस्तिदंताची भारतीय मूर्ती सापडली. 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणून ती ओळखली जाते. पुढे भोकरदनच्या उत्खननात जवळजवळ त्याच घाटाच्या हस्तिदंती मूर्तीचा तुकडा मिळाला, तेरलाही तिच्या जातकुळीतली एक मिळाली. ही बाई दख्खनमधून तिकडे गेली असावी असं मानणारे अभ्यासक आहेत. आईचं मत त्याहून ठाम. "आमच्याकडची आहे ती," एवढंच.

राहायची जागा निवडताना मी स्टेशनाजवळची स्वस्त हॉटेलं बाजूला ठेवली आणि मुनिचिपिओ मेट्रो स्टेशनजवळ घर घेतलं. तिथून बंदर चालत गाठता येतं आणि मेट्रोची लाइन १ थेट गारिबाल्दीला, म्हणजे मुख्य रेल्वे स्टेशनला सोडते. समुद्राचे दिवस आणि रेल्वेचे दिवस दोन्ही सांभाळायचे तर हा मधला बिंदू बरा. घर पाहताना मी एकच अट ताणून धरली होती, ती लिफ्टची. जुन्या नेपल्समध्ये चौथा-पाचवा मजला आणि दगडी जिने हे नेहमीचं, आणि काही जुन्या इमारतींत लिफ्ट असली तरी तिला नाणं टाकावं लागतं. आमच्या लिफ्टलाही तसाच डबा होता. बाबांनी पहिल्याच संध्याकाळी सुट्ट्या सेंटांची एक वाटी दाराशी ठेवून दिली.

आता मूळ मुद्दा, आखणीचा. मी आधी जी यादी केली होती ती सगळे करतात तशीच, 'काय काय बघायचं' अशी. बाबांनी ती वाचली, वहीत रेघा मारून रकाने केले आणि म्हणाले, "आधी काय कधी बंद असतं ते सांग." तिथून कामाला खरी सुरुवात झाली. नेपल्सचं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद. कासेर्ताचा राजवाडाही मंगळवारीच बंद. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं आणि उत्खननस्थळं फुकट, म्हणजे त्या दिवशी पॉम्पेईकडे फिरकायचं नाही. पॉम्पेईत दिवसाला २०,००० माणसांचीच मर्यादा आहे, आणि नोव्हेंबर २०२४ पासून तिकिटावर नाव असतं, त्यामुळे ओळखपत्र जवळ हवं. व्हेसुव्हियसच्या विवराकडे जायचं तिकीट ठरलेल्या वेळेचं आणि फक्त ऑनलाइन. या झाल्या खुंट्या, एकदा ठोकल्या की हलायच्या नाहीत. उरलेलं सगळं सरकतं. बोटीला वारा चालत नाही, पेस्तुमला पाऊस चालत नाही, राजवाड्याला दोन्ही चालतात. म्हणून बाबांचा नियम असा की दोन खुंट्यांच्या मध्ये निदान एक सरकता दिवस हवा, आणि प्रत्येक सरकत्या दिवसाला एक जोडीदार हवा. समुद्र बिघडला तर कासेर्ता, पाऊस आला तर संग्रहालय, गाड्या बंद पडल्या तर शहरातच. फळ्यावर 'जादा गाडी' लिहून ठेवायची त्यांची जुनी सवय इथे कामी आली.

गाड्या बंद पडायचा प्रश्न अगदीच काल्पनिक नव्हता. इटलीत संप होतात, बरेचदा शुक्रवारी. पण ते आधी जाहीर होतात आणि वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्यांची यादीच असते. १९९० च्या १४६ क्रमांकाच्या कायद्याने अत्यावश्यक सेवांत संपाच्या काळातही किमान सेवा चालू ठेवावी लागते. प्रादेशिक रेल्वेसाठी कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळा राखलेल्या असतात. आमच्या मुक्कामातही असा एक शुक्रवार निघाला, म्हणून तो आम्ही शहरासाठी ठेवला. बाबा मात्र दिवसभर त्याच विषयावर. २०२१-२२ चा एसटीचा लांबलेला संप त्यांनी निवृत्त असूनही रोज पेपरात वाचला होता. "संपाची तारीख, वेळ, कुठली गाडी सुटणार, सगळं छापून देतात हे," असं ते दोन-तीनदा कौतुकाने म्हणाले. संप करणाऱ्यांचं कौतुक की छापणाऱ्यांचं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

संग्रहालय आधी की पॉम्पेई आधी, यावर आमची घरात चर्चा झाली. मी आधी पॉम्पेई म्हणत होते, आई आधी संग्रहालय. तिचंच बरोबर ठरलं. पॉम्पेईच्या घरांमधली उत्तम भित्तिचित्रं, मोझेक, भांडी, दिवे, कांस्यमूर्ती १७४८ पासून खोदून खोदून नेपल्सला आणल्या गेल्या. तिथे आता उभ्या आहेत त्या प्रामुख्याने भिंती. आधी सामान पाहिलं की मग भिंतींत ते मनाने मांडता येतं. जळून कोळसा झालेला, आठ फाकांत कापलेला गोल पाव काचेमागे पाहिलेला असला की पॉम्पेईतल्या भट्टीसमोर थांबावंसं वाटतं, एरवी ती नुसती वीटकामाची कमान.

आणि लक्ष्मी. ती 'गुप्त दालना'त आहे, याची कल्पना मला होती. आईबाबांना मी दिली नव्हती. रोमन घरांत आणि दुकानांत सापडलेली सगळी शृंगारिक चित्रं आणि शिल्पं नेपल्सच्या बूर्बाँ राजांच्या काळापासून एका खोलीत कुलूपबंद करून ठेवलेली. ती खोली सर्वसामान्यांना खुली झाली २००० साली. आत शिरल्यावर बाबांनी आधी छताकडे पाहिलं, मग अग्निशामक नळकांड्यावरची सूचना वाचायला घेतली. आई कशाकडेही न बघता सरळ त्या मूर्तीपाशी गेली. वीतभराहून किंचित उंच. अंगावर वस्त्र नाही, पण दागिन्यांना मोजदाद नाही. हातात मनगटापासून वर चढत गेलेल्या बांगड्या, पायांत थरावर थर वाळे, कमरेला मेखला, पाठीवर सोडलेले केस. दोन बाजूंना प्रसाधनाची भांडी घेतलेल्या दोन छोट्या दासी. मूर्तीत वरून खाली भोक आहे, म्हणजे ती सुटी उभी नव्हती. एखाद्या आरशाची मूठ असेल किंवा चौरंगाचा पाय. लक्ष्मी तर ती बहुधा नाहीच, यक्षी म्हणणारे आता जास्त. आई बराच वेळ वाकून तिचे वाळे बघत होती. मग म्हणाली, "लक्ष्मी नसेना का. पण हिला या खोलीत का ठेवलंय? आपल्याकडे हिला कोणी अश्लील म्हणालं नसतं." यावर बाबा नळकांड्यापासून म्हणाले, "चला, झालं असेल तर."

पॉम्पेईला जायच्या चिर्कुमवेझुव्हियाना गाडीबद्दल इंटरनेटवर खूप लिहिलेलं सापडतं. गर्दी, रंगाने बरबटलेले डबे, आरक्षण नाही, खिसेकापूंपासून जपा. यातलं बरंचसं खरं आहे. पण रोज त्याच गाडीने ये-जा करणारी माणसंही तिच्यात असतात आणि त्यांच्यासारखं वागलं की फारसं अडत नाही. प्रवासी ती गाडी पकडतात गारिबाल्दीला, मुख्य स्टेशनच्या तळघरातून. गाडी सुटते मात्र त्याच्या एक स्टेशन आधी, पोर्ता नोलानाहून. नकाशात हे बघताच बाबांचा चेहरा खुलला. उभ्या गाडीत जाऊन बसायचं, हे त्यांना शिकवावं लागत नाही. मेट्रोतून उतरून दहा-बारा मिनिटं जास्त चालावं लागलं, पण तिघांनाही खिडकीशी जागा मिळाली आणि पुढच्याच स्टेशनवर डबा खचाखच भरला.

दुसरी युक्ती आईच्या गुडघ्यांसाठी. सोरेंतोच्या गाडीने गेलं की 'पॉम्पेई स्कावी' स्टेशन येतं, समोरच पोर्ता मारिनाचं फाटक. सगळी गर्दी तिथे, आणि आत शिरताच दगडी चढ. त्याऐवजी पोज्जोमारिनोच्या गाडीने 'पॉम्पेई सान्तुआरियो'ला उतरलं की गावातल्या मोठ्या चर्चच्या चौकातून चालत थोड्या वेळात अँफिथिएटरच्या बाजूचं फाटक लागतं. तिथून खाचखळगे आणि पायऱ्या टाळून आखलेला, चाकाची खुर्चीही जाईल असा मार्ग सुरू होतो. त्या बाजूने आत जायचं, रमतगमत पश्चिमेकडे यायचं आणि पोर्ता मारिनाच्या उतारावरून बाहेर पडून समोरच परतीची गाडी पकडायची. म्हणजे चढाचा उतार होतो. आमचा सगळा दिवस या एका उलट्या फेरीमुळे सोपा गेला.

पॉम्पेईची व्याप्ती सुमारे ६६ हेक्टर, त्यातलं दोनतृतीयांश खोदून झालेलं. तेवढंही एका दिवसात पुरं होत नाही आणि करूही नये. आम्ही अबुन्दान्झा रस्ता हा कणा धरला आणि त्याच्या आजूबाजूचंच पाहिलं. सावली फार कमी, पण पिण्याच्या पाण्याचे नळ जागोजागी आहेत, बाटली भरून घेता येते. मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत, मर्यादा ३० × ३० × १५ सेंटिमीटरची. चपला नकोत. रस्त्याचे काळे दगड दोन हजार वर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेत आणि त्यांत गाड्यांच्या चाकांचे चर पडलेत. घोटा मुरगळायला तेवढं पुरे. रस्ता ओलांडायला मध्ये उंच सपाट शिळा मांडलेल्या आहेत, खालून सांडपाणी वाहत असे म्हणून. त्या शिळांमधलं अंतर गाडीच्या चाकांच्या मापाने ठेवलेलं. बाबांनी ते पावलांनी मोजलं.

याच रस्त्याच्या दक्षिण बाजूला वेतुतिउस प्लाकिदुसची खानावळ आहे. कट्ट्यात बसवलेले रांजण, मागच्या भिंतीवर मर्क्युरी आणि बॅकस रंगवलेलं देवघर. एका रांजणात गल्ल्याची नाणी तशीच सापडली. तिच्याच रांगेत, अगदी काही दारं अलीकडे, ते 'भारतीय मूर्तीचं घर'. मोठं नाही, श्रीमंतीचा भपका नाही. आपल्या बाजारपेठेतल्या एखाद्या व्यापाऱ्याचं असावं इतपत. आई तिथे एवढंच म्हणाली की शेजारी खाण्याचं दुकान आहे म्हणजे पेठेतली जागा, भाडं जबर असणार.

व्हेसुव्हियस आणि हर्क्युलेनियम आम्ही एका दिवसात बसवलं, कारण दोन्हींचं स्टेशन एकच, एर्कोलानो स्कावी. सकाळी डोंगर, दुपारी उत्खनन. उलटं केलं तर डोंगरावर दुपारचं धुकट वातावरण मिळायची भीती. स्टेशनसमोरून छोट्या बसगाड्या १,००० मीटर उंचीपर्यंत नेतात. पुढे भुसभुशीत राखेची चढण, विवराच्या कडेपर्यंत. शिखर १,२८१ मीटर, पण पायवाट त्याच्या बरीच खाली थांबते. आई खालच्या थांब्यावर पुस्तक घेऊन बसली, बाबा आणि मी वर गेलो. तिकीट घरूनच काढून फोनमध्ये उतरवून ठेवावं, वर फाटकाशी नेटवर्क धड मिळत नाही आणि तिकीट खिडकी नाहीच. आत डोकावलं की करड्या-तांबूस कड्यांचा खोल खड्डा, एका बाजूने वाफेची बारीक धार. शेवटचा उद्रेक मार्च १९४४ चा. महायुद्ध चालू होतं आणि पायथ्याशी उभी असलेली अमेरिकन बॉम्बफेकी विमानं राखेत गाडली गेली. तेव्हापासून डोंगर गप्प आहे, पण आसपास लाखो माणसं राहतात, त्यामुळे शास्त्रज्ञ त्याच्यावर सतत लक्ष ठेवून असतात.

हर्क्युलेनियम लहान, आणि तीन जणांच्या मतदानात ते पॉम्पेईच्या पुढे गेलं. आजचं गाव वर आणि जुनं गाव खाली, सुमारे २० मीटर खोल. कठड्यावरून आधी ते वरूनच दिसतं. पॉम्पेईवर खडे आणि राख पडली, इथे तप्त वायू आणि राखेचे लोट आले, त्यामुळे लाकूड जळून गेलं नाही, जागच्या जागी कोळसा झालं. दाराच्या फळ्या, माडीच्या तुळया, पलंग, आणि एका घरात तर दिवाणखान्यातली घडीची लाकडी भिंत अजून उभी आहे. समुद्राकडच्या कमानींखाली, जिथे बोटी ठेवत, तिथे १९८० च्या दशकात तीनशेच्या आसपास सांगाडे मिळाले. बोटीची वाट बघत थांबलेली माणसं. तिथे आम्ही फार थांबलो नाही.

समुद्राच्या दिवसाला काप्री की प्रोचिदा, यावर माझा आणि इंटरनेटचा मतभेद झाला. काप्री पन्नासेक मिनिटांवर, नाव मोठं, भाडंही तसंच. निळ्या गुहेत शिरायचं तर तोंड जेमतेम मीटरभर उंच, होडीत आडवं पडून आत जावं लागतं, आणि समुद्राने जराशी उचल खाल्ली की गुहा बंद. बाबांनी रांगांचे अंदाजे तास मांडले. बंदरावर रांग, केबलगाडीला रांग, होडीला रांग. "यात बेट कधी बघायचं?" प्रोचिदा सुमारे चार चौरस किलोमीटरचं, २०२२ ची इटलीची सांस्कृतिक राजधानी होऊनही अजून कोळ्यांचं गाव राहिलेलं. आम्ही ते निवडलं.

बोटींची एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. वेगवान बोटी बेव्हेरेल्लो धक्क्यावरून सुटतात आणि गाड्या वाहून नेणारी मोठी जहाजं कालाता पोर्ता दि मास्साहून. दोन्हींमध्ये चालायला पंधराएक मिनिटं. वारा सुटला की आधी रद्द होतात त्या वेगवान बोटी, मोठी जहाजं जास्त वेळ तग धरतात. म्हणून जाताना वेगवान बोट आणि येताना जहाज, असं परतीचं तिकीट सुटं घेतलं. वेळापत्रकात कामाचे दिवस आणि रविवार-सुट्ट्या यांचे रकाने वेगळे असतात, ते बाबांनी माझ्याआधी ओळखले.

प्रोचिदावर बसने तेर्रा मुराताच्या टेकडीवर गेलो. तिथला जुना राजवाडा पुढे तुरुंग झाला आणि १९८८ पर्यंत तुरुंगच होता. तिथून उतारावरून कोरिचेल्लाच्या बंदरात. पिवळी, गुलाबी, आकाशी घरं एकमेकांना खेटून, बाहेरून चढणारे जिने आणि कमानी, खाली जाळी वाळत घातलेली. मोटारी तिथे येतच नाहीत. जेवायला लिंबाची कोशिंबीर मागवली. प्रोचिदाची लिंबं मुठीएवढी आणि त्यांच्या सालीखालचा पांढरा गर बोटभर जाड. पिवळी साल पातळ सोलून टाकतात आणि तो पांढरा भाग फोडींसकट ठेवतात, त्यावर पुदिना, लसूण, मिरची, ऑलिव्हचं तेल. पांढरा भाग कडू लागत नाही, काकडीसारखा कुरकुरीत लागतो. आईने एक फोड चावली, थांबली, मग ताटली आपल्याकडे ओढली. "यात मोहरी फेसून घातली असती तर..." हे वाक्य तिने बोटीतही पुरं केलं नाही.

जेवणाचं एकूण बरं जमलं, पण शाकाहाऱ्यांना डोळे उघडे ठेवावे लागतात. मारिनारा पिझ्झा निर्धोक, त्यावर टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि तेल, चीजसुद्धा नाही. वांग्याची पार्मिजाना, बटाटा घातलेला पास्ता चालतो, पण पार्मेझान चीज करताना वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारं विरजण) वापरतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी 'सेन्झा फोर्माज्जो', म्हणजे 'चीजशिवाय', म्हणायला शिकावं. तराल्ली दिसायला थेट आपली कडबोळी, मिऱ्याची आणि बदामाची, पण नेपल्सच्या पारंपरिक कृतीत डुकराची चरबी असते. पापुद्र्यांच्या स्फोल्यातेल्लाचंही तेच. हे कळल्यावर आईने हातातली कडबोळी शांतपणे बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती खाल्ली.

पेस्तुमचा दिवस घटस्थापनेचा. घट साताऱ्याला काकूकडे बसले होते, आईने उठता-बसता उपवास धरला होता. राजगिऱ्याचे लाडू तिच्या पिशवीत होतेच, भर म्हणून बाजारातून अंजीर आणि द्राक्षं घेतली. सप्टेंबरमध्ये तिथे दोन्ही मुबलक. पेस्तुमला थांबणाऱ्या गाड्या दिवसातून मोजक्या, त्यामुळे परतीची गाडी आधी ठरवायची आणि मग जायची. प्रादेशिक गाडीचं भाडं आधी काढा की आयत्या वेळी, तेवढंच असतं. कागदी तिकीट मात्र फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं आणि फोनवरचं असलं तर त्यात चेक-इन करावं लागतं. विसरलं तर दंड. बाबांनी तिघांची तिकिटं स्वतः छापली आणि छाप नीट उमटलाय का ते उजेडात धरून पाहिलं.

स्टेशनातून बाहेर पडलं की सरळ रस्ता, पुढे जुन्या तटाचं दार, आणि मग मोकळ्या माळावर डोरिक म्हणजे जाड, साध्या खांबांच्या ग्रीक शैलीतली तीन मंदिरं. ग्रीकांनी इसवीसनपूर्व ६०० च्या सुमारास हे शहर वसवलं, पोसेइदोनिया नावाने. मंदिरं अंदाजे ५५० ते ४५० या शंभर वर्षांतली. अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातली, म्हणजे त्याच्याही निदान अडीचशे वर्षं आधीची ही. आई लहानपणी अजिंठ्याला बैलगाडीने गेलेली, तिला हा हिशेब लगेच लागला. पॉम्पेईत माणसांच्या पाठी दिसतात, इथे आम्ही जवळजवळ एकटे. संग्रहालयात १९६८ मध्ये सापडलेल्या थडग्याची झाकणशिळा आहे. एक तरुण उंचावरून पाण्यात सूर मारतोय, एवढंच चित्र. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून बाबांना म्हशी दाखवायला जवळच्या एका गोठ्यावर गेलो. मोझरेल्ला या म्हशींच्या दुधाचं. बाबांनी कुंपणाशी उभं राहून शिंगं, कास, शेण, सगळं पाहिलं आणि निकाल दिला, "पंढरपुरी नाही. पण चांगल्या आहेत."

अमाल्फीचा किनारा आम्ही पाहिला नाही. त्यासाठी सालेर्नोपर्यंत गाडी आणि पुढे बोट असा बेत होता, कारण कड्याला चिकटून जाणाऱ्या वळणांच्या रस्त्याने बसमधून उभ्याने जायची आमची तयारी नव्हती. त्या दिवशी सकाळी वारा सुटला, बोटी रद्द झाल्या. वहीत जोडीदार लिहिलेला होताच, आणि वार मंगळवार नव्हता. तासाभरात आम्ही कासेर्ताच्या गाडीत. स्टेशनातून बाहेर आलं की समोरच राजवाडा. १७५२ साली बूर्बाँ राजा चार्ल्सने लुइजी वान्वितेल्लीकडून बांधायला घेतलेला, खोल्या १,२००. राजवाडा मला फुगलेला वाटला, इतकं सोनं आणि इतके आरसे की नजर थकते. बाग मात्र पाहावी. तीन किलोमीटर लांब सरळ रेषेत कारंजी आणि हौद, टोकाला डोंगरातून उतरणारा धबधबा. चालवत नसेल तर आतून बस आहे. या पाण्यासाठी ३८ किलोमीटरचा जलमार्ग बांधला, १७५३ पासून. तेवढ्यातच नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्यात पाणी आणलं. हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, "आपलं पाणी लोक प्यायले तरी."

शेवटची दुपार पोत्सुओलीला दिली. मेट्रोच्या लाइन २ ने अर्ध्या तासात पोचतो, सामान घरमालकाकडे ठेवलेलं. हा भाग कांपी फ्लेग्रेई या ज्वालामुखी क्षेत्रात येतो. जमीन हळूहळू वर-खाली होते आणि अलीकडे धक्केही बसतात, २०२५ मध्ये ४.६ रिश्टरपर्यंतचे. आईबाबांना हे सांगूनच नेलं. गावाच्या मधोमध रोमन बाजारपेठेचे तीन उंच खांब आहेत, आणि त्यांच्या अंगावर बऱ्याच उंचीपर्यंत समुद्रातल्या शिंपल्यांनी पाडलेली भोकं. म्हणजे हे खांब उभ्या-उभ्या पाण्यात बुडाले आणि पुन्हा वर आले. एकोणिसाव्या शतकात भूगर्भशास्त्रज्ञ लायेलने याच खांबांचं चित्र आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीला छापलं.

आईला खांबांपेक्षा बंदरात रस. रोमन काळात पूर्वेकडचा माल अलेक्झांड्रियाहून यायचा तो इथे, पोत्सुओलीला. तगर (म्हणजे आजचं तेर) आणि पैठणचा माल भडोचला, तिथून लाल समुद्र, मग ईजिप्त, मग हे बंदर. भारत दरवर्षी रोमची पाच कोटी सेस्टर्स नाणी ओढून नेतो, अशी तक्रार थोरला प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलीय. हा प्लिनी इथून जवळच मिसेनमला आरमाराचा प्रमुख होता आणि ७९ साली उद्रेक झाल्यावर लोकांना सोडवायला जहाजं घेऊन गेला, तो स्ताबियेच्या किनाऱ्यावर मेला. म्हणजे ज्या डोंगराने त्याला नेलं त्यानेच ती हस्तिदंती बाई राखून ठेवली. हे आई धक्क्यावर बसून बाबांना समजावत होती. बाबा एका हाताने प्रोचिदाला सुटणाऱ्या जहाजाची वेळ फळ्यावरून वहीत उतरवून घेत होते. पोत्सुओलीहूनही प्रोचिदाला बोटी जातात आणि अंतर कमी पडतं, हे आम्हाला तिथे कळलं.

कुणाकडे दोनच दिवस असतील तर माझं मत असं की एक पॉम्पेईला द्यावा, सान्तुआरियोच्या बाजूने आत जाऊन, आणि संग्रहालय त्याच्या आदल्या संध्याकाळी. दुसरा प्रोचिदाला. तिसरा दिवस मिळाला तर हर्क्युलेनियम, आणि गुडघे शाबूत असतील तर डोंगर. काप्री ज्यांना हवंच आहे त्यांनी पहिली बोट धरावी आणि वाऱ्याचा अंदाज आदल्या रात्री बघावा. मंगळवार कुठे पडतो ते मात्र विमानाचं तिकीट काढतानाच बघून ठेवा.